परमिशन डिनाइड : नकाशात डेटा भरताना डेटाबेस दार का उघडत नाही

आजचा विषय रुक्ष आहे, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले, त्यातले बहुतेक एकाच वळणाचे होते. क्यूजीआयएस उघडलं, फाइल घेतली, डेटाबेसमध्ये टाकायला गेलो आणि वरती लाल पट्टी आली, आता काय करू? कुणी त्या पट्टीचा फोटो काढून पाठवला होता आणि फोटोत नेमकी कामाची ओळ कापली गेली होती! म्हणून आज आपण फक्त त्या पट्टीबद्दल बोलणार आहोत. संदेश इंग्रजीत येतात. आम्ही ते उच्चारून सांगू, तुम्ही आपापल्या पडद्याशी ताडून बघा.

उदाहरण आमचंच घेतो, कारण त्यात चूकही आमचीच आहे. साताऱ्याच्या माण-खटाव पट्ट्यातल्या काही गावांत स्वयंसेवक विहिरींची पाणीपातळी मोजतात. टेप आणि वही घेऊन जायचं, मोजायचं, घरी आल्यावर एक्सेलमध्ये भरायचं. आम्ही दोघं-तिघं त्यांना नकाशाच्या कामात मदत करतो. सगळ्यांचे आकडे एका ठिकाणी यावेत म्हणून कार्यालयातल्या एका साध्या संगणकावर पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आणि त्यात पोस्टजीआयएस बसवलेलं आहे. क्यूजीआयएस आणि पोस्टजीआयएस ही तशी जुनी जोडी. पोस्टजीआयएस २००१ मध्ये आलं आणि गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये क्यूजीआयएसचं काम सुरू केलं ते पोस्टजीआयएसमधला डेटा पडद्यावर बघता यावा यासाठीच.

मार्च संपत आला की गावात प्रश्न एकच असतो, टँकर आधी कुठल्या वस्तीला? त्या वर्षी ग्रामसभेच्या आदल्या दिवशी नवा नकाशा तयार करायचा होता. जुना संगणक बंद पडला होता, नवा आणला होता, त्यावर पोस्टग्रेएसक्यूएलची नवी आवृत्ती बसवली होती. वापरकर्त्यांची नावं तीच, पासवर्ड तेच. आणि संध्याकाळी चारही लॅपटॉपवर एकच ओळ : परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक. काल चालत होतं, आज का नाही, कुणालाच कळेना. रात्रीचे दहा वाजले. शेवटी आमच्यातल्या एकाने काय केलं, तर पोस्टग्रेस नावाचा जो मुख्य वापरकर्ता असतो, ज्याला कुठेच अडवणूक नसते, त्याचा पासवर्ड चौघांनाही देऊन टाकला. झालं! डेटा गेला, नकाशा छापला, ग्रामसभा पार पडली.

दोन आठवड्यांनी एका स्वयंसेवकाने नवी मोजणी भरायला घेतली. डीबी मॅनेजरच्या इम्पोर्टच्या खिडकीत त्याने टेबलाचं नाव तेच दिलं आणि 'रिप्लेस डेस्टिनेशन टेबल' या चौकटीत खूण केली. त्याला वाटलं, नवे आकडे जुन्यात मिसळतील. त्या खुणेचा अर्थ मात्र जुनं टेबल पाडा आणि नवं उभं करा, असा आहे. आणि मुख्य वापरकर्त्याला कोण अडवणार? तीन महिन्यांच्या नोंदी गेल्या. बॅकअप होता तो अकरा दिवस जुना. मधल्या नोंदी वह्यांवरून पुन्हा भरल्या. वह्या जपून ठेवल्या होत्या म्हणून वाचलो.

तो मुलगा साध्या परवानग्यांनी आत आला असता, तर त्याला 'मस्ट बी ओनर ऑफ टेबल' अशी लाल पट्टी दिसली असती. तो वैतागला असता, त्याने आम्हाला फोन केला असता आणि टेबल जागेवर राहिलं असतं. तेव्हापासून आम्ही ही पट्टी दिसली की आधी विचारतो, हे कुलूप कोणी लावलं आणि कशासाठी. मग किल्ली शोधतो.

आता कुलपं किती आहेत ते बघू. शहरातली हाउसिंग सोसायटी डोळ्यांसमोर आणा. आधी रस्ता सोसायटीपर्यंत पोचला पाहिजे. मग गेटवर वॉचमन, त्याच्या हातात यादी. मग ओळखपत्र. मग तुमची इमारत, मग फ्लॅट, मग फ्लॅटमधलं कपाट. डेटाबेसमध्येही साधारण याच क्रमाने अडवणूक होते, आणि चांगली गोष्ट अशी की प्रत्येक ठिकाणचा संदेश वेगळा असतो. म्हणजे संदेश नीट वाचला की आपण कुठल्या दारात उभे आहोत ते कळतं. गेटवर अडलेल्या माणसाने कपाटाची किल्ली घासून काय उपयोग?

पहिला टप्पा रस्त्याचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुधा संगणक सापडला, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही असा अर्थ. पोस्टग्रेएसक्यूएलचं नेहमीचं पोर्ट ५४३२. सर्व्हर बंद असेल, पोर्ट चुकलं असेल, किंवा सर्व्हर फक्त स्वतःच्याच संगणकावरून येणाऱ्यांचं ऐकत असेल. मूळ मांडणी तशीच असते, लिसन अ‍ॅड्रेसेस या ओळीत लोकलहोस्ट लिहिलेलं असतं. ती ओळ बदलली तर सर्व्हर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. बराच वेळ नुसतं चक्र फिरून 'टाइम्ड आउट' आलं, तर फायरवॉलकडे बघा, किंवा पत्ताच चुकीचा आहे का ते बघा.

इथे एक हमखास फसगत होते. सर्व्हरच्याच संगणकावर बसून कुणीतरी क्यूजीआयएसचा प्रोजेक्ट बनवतं आणि ती फाइल तुम्हाला पाठवतं. त्या प्रोजेक्टमध्ये होस्टच्या जागी लोकलहोस्ट असतं. लोकलहोस्ट म्हणजे 'हाच संगणक'. तुमच्या लॅपटॉपवर उघडल्यावर तो प्रोजेक्ट तुमच्याच लॅपटॉपमध्ये डेटाबेस शोधतो! सापडणार कुठून?

दुसरं दार वॉचमनचं. संदेश असा : नो पी-जी-एच-बी-ए डॉट कॉन्फ एन्ट्री फॉर होस्ट, आणि पुढे तुमचा पत्ता, वापरकर्त्याचं नाव, डेटाबेसचं नाव आणि जोडणी सुरक्षित आहे की नाही. लोक एवढी लांब ओळ बघून घाबरतात. आमच्या मते सगळ्यात प्रामाणिक संदेश हाच, कारण वॉचमनला काय दिसलं ते तो शब्दशः सांगतो. मग फक्त यादीत तशी ओळ आहे का ते बघायचं. आमच्याकडे एकदा सोमवारी सगळं चाललं आणि मंगळवारी एकाच लॅपटॉपला हा संदेश येऊ लागला. राउटरने त्या लॅपटॉपला नवा पत्ता दिला होता आणि यादीत जुना पत्ता होता, एवढंच. तेव्हापासून यादीत एकेक पत्ता न लिहिता कार्यालयाच्या नेटवर्कचा पट्टा लिहितो.

यादीचे दोन नियम लक्षात ठेवा. ती वरून खाली वाचली जाते आणि जुळणारी पहिली ओळ लागू होते. त्या ओळीने नाही म्हटलं तर वॉचमन पुढची ओळ बघत बसत नाही. म्हणून खाली बरोबर ओळ लिहूनही काम होत नाही, वरची कुठलीतरी आधीच जुळलेली असते. दुसरं म्हणजे, फाइल सेव्ह केली म्हणजे लागू झाली असं नाही. सर्व्हरला ती पुन्हा वाचायला सांगावं लागतं. त्यासाठी रीलोड पुरतं, सर्व्हर बंद करायची गरज नाही.

आणि याच फाइलमध्ये 'ट्रस्ट' नावाचा शब्द असतो. इंटरनेटवर शोधलंत तर कुणीतरी हा उपाय सांगतंच, ट्रस्ट लिहा, अडचण गेली. अडचण जाते हे खरं. ट्रस्ट म्हणजे त्या ओळीत बसणाऱ्या कुणालाही, ओळीत मान्य असलेल्या कुठल्याही नावाने, पासवर्डशिवाय आत सोडा. ओळीत 'ऑल' लिहिलं असेल तर त्यात पोस्टग्रेस हे नावसुद्धा आलं. आमच्यासारख्यांनी रात्री दहा वाजता या शब्दापासून लांब राहावं.

तिसरं दार, 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड फॉर यूजर'. गंमत अशी की त्या नावाचा वापरकर्ता अस्तित्वातच नसेल तरी संदेश हाच येतो. मुद्दामच. बाहेरच्याला कुठली नावं आहेत ते कळू नये म्हणून. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं, रोल नाही, की पासवर्ड चुकला, की पासवर्डची मुदत संपली. त्यामुळे पासवर्ड दहा वेळा टाइप करण्यापेक्षा सर्व्हर सांभाळणाऱ्याला लॉगची ती एक ओळ वाचायला सांगा. क्यूजीआयएसने जुना पासवर्ड साठवून ठेवला असणं हेही नेहमीचं कारण. आणि फार जुनं सॉफ्टवेअर असेल तर 'स्क्रॅम'चा उल्लेख असलेला संदेश येतो. पोस्टग्रेएसक्यूएल १४ पासून पासवर्ड साठवण्याची मूळ पद्धत बदलली, जुन्या सॉफ्टवेअरला ती कळत नाही. तिथे क्यूजीआयएस नवं घ्या, पासवर्डशी झगडू नका.

आता आपण आत आलो. इथून पुढे संदेशाच्या सुरुवातीला 'फेटल' नसतं, 'एरर' असतं. ही खूण उपयोगी आहे. फेटल बहुतेक वेळा बाहेरच्या दारांवर दिसतं. एरर म्हणजे आत घेतलंय, पण हे काम करू देणार नाही.

आमच्या त्या रात्रीचं कोडं इथलं. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये प्रत्येक डेटाबेसला पब्लिक नावाचा एक स्कीमा असतो, म्हणजे आपल्या उपमेत एक मोकळी खोली. पूर्वी या खोलीत कुणीही टेबल ठेवू शकत असे. त्यात धोका असा की एखादा वापरकर्ता दुसऱ्याला फसवणारी वस्तू तिथे ठेवू शकतो. म्हणून २०२२ च्या आवृत्ती १५ पासून नियम बदलला. नव्याने बनवलेल्या डेटाबेसमध्ये पब्लिक स्कीमात टेबल बनवण्याचा सर्वांचा हक्क काढून घेतला. जुना डेटाबेस रीतसर वर चढवला तर जुने हक्क तसेच राहतात. आम्ही मात्र नव्या संगणकावर नवा डेटाबेस बनवून त्यात फक्त टेबलं आणली होती. म्हणून नावं तीच, पासवर्ड तेच, आणि तरीही दार बंद! उपाय एका ओळीचा होता. तो माहीत नसल्यामुळे आम्ही सोसायटीची मास्टर किल्ली वाटून टाकली.

ती ओळ कोणती? ग्रँट क्रिएट ऑन स्कीमा, स्कीमाचं नाव, टू, वापरकर्त्याचं नाव. पण आम्ही आज ती पब्लिकवर देत नाही. सरकारी कचेरीत आवक-जावक रजिस्टर असतं ना, तसा 'आवक' नावाचा वेगळा स्कीमा बनवलाय. स्वयंसेवकांना आवकमध्ये यूसेज आणि क्रिएट हे दोन्ही हक्क आहेत. दोन्ही लागतात बरं का. यूसेज म्हणजे खोलीत पाऊल टाकायची मुभा, क्रिएट म्हणजे तिथे नवी वस्तू ठेवायची मुभा. नुसतं क्रिएट दिलं आणि यूसेज राहिलं, तर पट्टी पुन्हा तीच. विहिरींचं मुख्य टेबल वेगळ्या स्कीमात आहे, तिथे त्यांना वाचण्याचा आणि नवी ओळ घालण्याचा हक्क आहे, पाडण्याचा नाही. त्यांनी फाइल आवकमध्ये टाकायची, आमच्यातल्या एकाने डोळ्यांखालून घालून मुख्य टेबलात सरकवायची. थोडा वेळ जातो. जाऊ दे.

टेबलाच्या पातळीवर दोन खाचखळगे आहेत, आणि तिथे आम्ही अक्षरशः दिवस घालवलेत.

एक म्हणजे सिक्वेन्स. टेबलात ओळ घालण्याचा हक्क दिला, तरी 'परमिशन डिनाइड फॉर सिक्वेन्स' येतं. टेबलातला अनुक्रमांक जुन्या सीरियल पद्धतीचा असेल, तर आकडे देणारं यंत्र ही वेगळी वस्तू असते आणि तिच्यावर वेगळा हक्क लागतो. बँकेत काउंटरवर जायला परवानगी आहे, पण टोकन मशीनला हात लावायचा नाही, असा प्रकार. सिक्वेन्सवर यूसेज द्या, काम होतं. नवं टेबल बनवताना आयडेंटिटी प्रकारचा अनुक्रमांक घेतला तर ही कटकटच नाही.

दुसरा खड्डा मोठा. 'ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स' लिहिलं की लोक समजतात, सगळ्या टेबलांचं झालं. झालं ते त्या क्षणी असलेल्या टेबलांचं. उद्या जे टेबल येईल त्याला ते लागू नाही. सोमवारी एका ताईंनी आवकमध्ये टेबल टाकलं, त्या टेबलाच्या मालक त्या. मंगळवारी दादांनी क्यूजीआयएस उघडलं तर त्यांना ते टेबल दिसेचना. लाल पट्टीही नाही! कारण ज्यावर वाचण्याचा हक्क नाही ते टेबल क्यूजीआयएस यादीतच दाखवत नाही. दादा म्हणाले, ताईंनी टाकलंच नाही. ताई म्हणाल्या, मी स्वतः टाकलं. दोघंही खरं बोलत होते. पुढच्या टेबलांसाठी ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस ही आज्ञा द्यावी लागते, आणि तीही ताईंच्या नावाने, कारण ती आज्ञा ज्याच्या नावाने दिली त्याने बनवलेल्या वस्तूंनाच लागू होते. आम्ही ती आमच्या नावाने देऊन पाहिली होती आणि मग डोकं धरून बसलो होतो.

टेबल दिसत नाही याची साधी कारणंही असतात, तीही आधी तपासा. जोडणीच्या खिडकीत 'फक्त पब्लिक स्कीमा बघा' या अर्थाच्या चौकटीत खूण असेल. किंवा टेबलात भूमितीचा स्तंभच नसेल आणि बिनभूमितीची टेबलं दाखवण्याची चौकट रिकामी असेल.

(श्रोत्यांमधून प्रश्न : आम्ही कोण म्हणून आत आलो आहोत हेच कळत नाही, ते कसं बघायचं?)

फार चांगला प्रश्न, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. डीबी मॅनेजरच्या एसक्यूएल खिडकीत लिहा, सिलेक्ट करंट यूजर, करंट डेटाबेस. करंट यूजर लिहिताना मध्ये अंडरस्कोर. करंट डेटाबेसलाही तसाच, पण त्याच्यापुढे रिकामा कंस. निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं. तुम्ही स्वतःला लेखक समजत असता आणि आत आलेले असता वाचक म्हणून. किंवा चाचणीच्या डेटाबेसमध्ये उभे असता.

आता परवानगीचे वाटणारे पण परवानगीचे नसलेले संदेश, झटपट. 'टाइप जॉमेट्री डझ नॉट एक्झिस्ट' म्हणजे त्या डेटाबेसमध्ये पोस्टजीआयएस सुरूच केलेलं नाही, किंवा ज्या स्कीमात आहे तो शोधमार्गात नाही. पोस्टजीआयएस प्रत्येक डेटाबेससाठी वेगळं सुरू करावं लागतं आणि त्याला सहसा मुख्य वापरकर्ताच लागतो. 'रिलेशन डझ नॉट एक्झिस्ट' आणि टेबल तर समोर दिसतंय, असं असेल तर नावात मोठं अक्षर आहे का बघा. टेबलांची नावं लहान रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. 'जॉमेट्री एसआरआयडी डझ नॉट मॅच' आलं तर निर्देशांक पद्धत जुळत नाही. फोनमधून आलेले बिंदू ४३२६ मध्ये असतात आणि साताऱ्याचं टेबल कुणी मीटरमध्ये मोजता यावं म्हणून ३२६४३ मध्ये बनवलेलं असतं. आधी रूपांतर करा, मग भरा. गावांची मराठी नावं असतील तर 'इनव्हॅलिड बाइट सीक्वेन्स फॉर एन्कोडिंग यूटीएफ-८' दिसू शकतं, तिथे फाइलचं एन्कोडिंग चुकीचं सांगितलं गेलंय.

आणि एक ओळ पूर्ण फसवी, 'करंट ट्रान्झॅक्शन इज अबॉर्टेड'. हा दुसरा संदेश आहे, कारण पहिल्यात होतं. एक आज्ञा फसली की त्या व्यवहारातल्या पुढच्या सगळ्या आज्ञांना हेच उत्तर मिळतं. लोक शेवटची ओळ वाचतात आणि तीच आम्हाला पाठवतात. क्यूजीआयएसमध्ये व्ह्यू, मग पॅनेल्स, मग लॉग मेसेजेस उघडा आणि वर सरकून पहिली चूक शोधा.

(श्रोत्यांमधून प्रश्न : आमच्याकडे सर्व्हर नाही. एकच जिओपॅकेज फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवतो, तर 'डेटाबेस इज लॉक्ड' येतं.)

हो, हे खूप जणांचं दुखणं आहे. जिओपॅकेज म्हणजे आतून एसक्यूलाइटचा डेटाबेस. तिथे वॉचमन नाही, वापरकर्ते नाहीत, फक्त फाइल आहे. एका वेळी एकालाच लिहिता येतं. क्यूजीआयएस ती उघडतं तेव्हा शेजारी दोन फाइली तयार होतात, एकीच्या शेवटी डब्ल्यूएएल आणि दुसरीच्या एसएचएम. नुकतेच केलेले बदल त्या डब्ल्यूएएल फाइलमध्ये असू शकतात. लॉक काढण्यासाठी कुणी त्या फाइली पुसून टाकतं, किंवा फक्त मुख्य फाइल पेन ड्राइव्हवर घेतं, आणि शेवटचे बदल हरवतात. पुसू नका. सगळीकडचं क्यूजीआयएस बंद करा, त्या फाइली आपोआप जातात, मग प्रत काढा. आणि ही पद्धत नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी बनलेलीच नाही, तसं एसक्यूलाइटवाले स्वतःच सांगतात. फोल्डरवर लिहायची परवानगी नसेल तरही फाइल उघडताना अडतं, कारण त्या शेजारच्या फाइली बनवता येत नाहीत. दोघांपेक्षा जास्त जण लिहिणार असतील तर छोटा का होईना, सर्व्हर घ्या. तोवर ज्याने त्याने आपली प्रत भरायची आणि एकाने जोडायची.

(श्रोत्यांमधून प्रश्न : मदत मागताना प्रोजेक्ट फाइलच पाठवली तर चालेल का?)

नका पाठवू, निदान तशीच नको. जोडणी बनवताना साध्या पद्धतीने पासवर्ड साठवला असेल, तर तो प्रोजेक्ट फाइलमध्ये जसाच्या तसा वाचता येतो. क्यूजीझेड प्रकारची फाइल असली तरी ती नुसती झिप आहे, उघडली की दिसतं. क्यूजीआयएसमध्ये ऑथेंटिकेशनची वेगळी सोय आहे, त्यात पासवर्ड कुलूपबंद राहतो आणि प्रोजेक्टमध्ये फक्त त्याची खूण जाते, ती वापरा. आम्हाला पाठवताना पहिल्या चुकीची पूर्ण ओळ, फोटो नको, मजकूर, आणि सोबत क्यूजीआयएस व पोस्टग्रेएसक्यूएल यांच्या आवृत्त्या आणि करंट यूजरचं उत्तर, एवढं पुरे. आणि फाइल आधीच कुणाला पाठवून झाली असेल, तर आज घरी गेल्यावर तो पासवर्ड बदला.